साडूची गाडी पुढे

सोलापूर स्टेशनसमोर गुरुवारी सकाळी टॅक्सीवाल्यांची हाकाटी सुरू झाली, की अक्कलकोटला निघालेल्या म्हाताऱ्या बाया आधी इकडेतिकडे बघत आणि विचारत, ‘‘रेवणप्पाची गाडी हाय का?’’ दुसरी एखादी रिकामी उभी असली तरी त्या थांबत. रेवणप्पा कुंभारीचा. अंगानं आडवा, बोलायला तुटक. पण हात असा हलका, की वाटेतला खड्डा मांडीवर ठेवलेल्या नैवेद्याच्या डब्यालासुद्धा कळू नये. तरुणपणी त्यानं एका तेलाच्या व्यापाऱ्याचा ट्रक चालवला, पुढे त्याच व्यापाऱ्याच्या घरची गाडी. एवढ्या वर्षांत त्याच्या हातून कोंबडीसुद्धा मेली नव्हती.

त्या ट्रकवर क्लीनर म्हणून आलेला तरणा गडी म्हणजे बसवराज. त्याला गियर कसा टाकायचा, उतारावर गाडी कशी धरायची, समोरच्याला रस्ता कधी द्यायचा, हे सगळं रेवणप्पानं शिकवलं. पोरगा हसरा, कष्टाळू, व्यसन नाही. रेवणप्पाची बायको शांतम्मा हिची धाकटी बहीण दानम्मा तेव्हा लग्नाची होती. अक्कलकोटला किराणा दुकान चालवणारे सासरे वीरभद्रप्पा स्थळं बघून दमले होते. रेवणप्पानंच बसवराजचं नाव सुचवलं. ‘‘मामा, डोळं झाकून द्या. पोरगं माझ्या हाताखालचं हाय,’’ असं छातीवर हात ठेवून सांगितलं. लग्न झालं आणि हाताखालचा पोरगा साडू होऊन शेजारच्या पाटावर जेवायला बसला.

तिथूनच बिघडलं. उघड काही झालं नाही. सासरे बसवराजच्या गप्पांना पोट धरून हसायचे; रेवणप्पाला मात्र ‘काय, बरं हाय का?’ एवढंच. सासूबाई बसवराजला आग्रहानं वाढायच्या, कारण तो ‘आणखी वाढा’ म्हणायचा. रेवणप्पा पहिल्याच वाढणीला हात आडवा करायचा, मग त्याला कोण आग्रह करणार? एका दिवाळीला सासऱ्यांनी दोन्ही जावयांना धोतरजोड्या दिल्या. रेवणप्पाला साडूच्या धोतराचा काठ रुंद वाटला. पुढे कधीतरी दानम्माकडे गेला असताना दोरीवर वाळत घातलेल्या त्या धोतराचा काठ त्यानं कुणी बघत नाही असं पाहून बोटांनी मोजला. सारखाच निघाला. तरी मन मानेना. ‘धुऊन आटला असंल,’ असं म्हणत तो घरी आला.

पेट्रोल महागलं तेव्हाची गोष्ट. शहरातल्या बड्या लोकांनी मोठ्या पेट्रोलच्या गाड्या विकायला काढल्या आणि मौलाली मिस्त्री अशा गाड्यांत जुनी डिझेल इंजिनं बसवून द्यायला लागला. दोघा साडूंनी एकाच हंगामात तशा एकेक गाड्या घेतल्या. एकाच जातीच्या, दोन्ही काळ्या, दोन्हींत मौलालीनंच इंजिन बसवलेलं. पहिलं वर्ष दोन्ही गाड्या बैलजोडीसारख्या चालल्या. दुसऱ्या वर्षी दिवाळी झाली आणि रेवणप्पाची गाडी मंदावली.

सपाटीला काही वाटायचं नाही. पण वळसंगच्या अलीकडची चढण आली, गाडीत माणसं भरलेली असली आणि रेवणप्पानं पाय दाबला, की गाडी जागच्या जागी विचार करत बसल्यासारखी करायची. पाय खाली, वेग तेवढाच. मग दुसरा गियर, मग पहिला. आणि नेमका त्याच वेळी मागून पिपाणीसारखा हॉर्न वाजवत बसवराज यायचा, हात बाहेर काढून ‘येतो अण्णा’ म्हणायचा आणि भुर्रकन पुढे जायचा. मागच्या सीटवरचं कुणी ना कुणी बोलायचंच.

‘‘ती बी अशीच गाडी की. कशी पळाली बघा!’’

रेवणप्पाच्या तळपायाची आग मस्तकात जायची. अक्कलकोट येईपर्यंत त्याच्या डोळ्यांसमोरून त्या गाडीचा काळा पाठीमागचा भाग हलायचा नाही.

मौलालीच्या शेडमध्ये त्याच्या खेपा सुरू झाल्या. मौलाली नमाजी, सरळ माणूस. त्यानं हवेचा फिल्टर धुतला, डिझेलचा फिल्टर बदलला. चाकं उचलून हातानं फिरवली, ब्रेक कुठं धरून तर राहत नाहीत ना बघितलं. क्लच बघितला. इंजिनात डिझेल फवारणारे नोझल काढून तपासून आणले. प्रत्येक वेळी इंजिन चालू करून त्यानं डिझेल पुरवणाऱ्या पंपाची दांडी बोटानं ओढली, की इंजिन असं गर्जायचं, की शेडच्या पत्र्यावरची कबुतरं उडायची.

‘‘आता बोलो! हे इंजिन आजारी वाटतंय का तुमाला?’’

‘‘हितं वरडतंय, चढणीला मुकं हुतंय,’’ रेवणप्पा म्हणायचा. आणि मग हळूच मनातलं बाहेर पडायचं. ‘‘मिस्त्री, खरं सांग. बसवताना इंजिनं अदलाबदल झाली न्हायती न्हवं? चांगलं तिकडं गेलं आन् हे मला?’’

मौलाली कानाला हात लावायचा. ‘‘तोबा! दोन्ही एकाच दिवशी उघडली, एकाच हातानं बसवली.’’

पण रेवणप्पाच्या डोक्यात ते इंजिनच बसलं होतं. मिस्त्रीनं विचारलं, की गाडी किती वेळानं दम सोडते, थांबल्यावर पुन्हा चालते का, तर तो सरळ उत्तर द्यायचा नाही. ‘‘ते सोड, इंजिन बघ,’’ म्हणायचा. आजाऱ्यानंच रोगाचं नाव ठरवल्यावर वैद्य तरी काय करणार?

एकदा अक्कलकोटच्या स्टँडवर दोघांच्या गाड्या शेजारी लागल्या. बसवराज चहाचे दोन पेले घेऊन आला. एक रेवणप्पाला दिला आणि जरा चाचरत म्हणाला, ‘‘अण्णा, राग येऊ देऊ नगा. चढणीला मी तुमच्या मागं असतोय न्हवं, तवा बघतोय. तुमची गाडी धूरच टाकत न्हाय. माझी तर काळा धूर सोडती. तुमचं कायतरी...’’

रेवणप्पानं पेला गाडीच्या टपावर आपटला. चहा काचेवरून ओघळला.

‘‘मागं असतोस व्हय? आन् मग पुढं जातोस ते सांग की! मला शिकवतोस? तुला पान्हा कसा धरायचा ते कुणी दावलं रं?’’

आजूबाजूचे टॅक्सीवाले बघायला लागले. बसवराजचा चेहरा उतरला. तो ‘‘तुमीच दावलं अण्णा’’ एवढंच म्हणून आपल्या गाडीकडे गेला. त्या दिवशी रेवणप्पाला वाटलं, जिंकलो. सोलापूरला परतताना रिकामी गाडी मात्र त्याला नेहमीपेक्षा जड वाटली.

पुढच्याच आठवड्यात तो भर दुपारी साडूच्या घरी गेला. बसवराज जेवून आत आडवा झाला होता. गाडी लिंबाच्या सावलीत उभी. रेवणप्पानं बॉनेट उचललं. कशासाठी, ते त्याला स्वतःलाही नीट सांगता आलं नसतं. इंजिनचा नंबर बघू, असं मनाशी म्हणत तो वाकला; पण हात गेला खिशातल्या स्क्रूड्रायव्हरकडे. पंपावरचा एक स्क्रू अर्धा आटा फिरवला, की ही गाडीही आपल्यासारखीच रांगेल. कुणाला कळणारही नाही. स्क्रूड्रायव्हरचं टोक खाचेत बसलं होतं तेवढ्यात मागून आवाज आला.

‘‘दाजी? भर दुपारचं काय करताय? त्यांना उठवू का?’’

दानम्मा. हातात पाण्याचा तांब्या. रेवणप्पानं झटकन हात मागे घेतला. ‘‘न्हाय, न्हाय. झोपू दे त्याला. सहज बघत हुतो... इंजिन बरं ठिवलंय.’’

दानम्मानं तांब्या पुढे केला. तिची नजर त्याच्या हातावरून स्क्रूड्रायव्हरकडे गेली, तिथून बॉनेटकडे, आणि मग ती जमिनीकडे बघायला लागली. रेवणप्पा उभ्याउभ्या पाणी प्याला. तांब्या परत देऊन तो निघाला. त्या रात्री शांतम्मानं वाढलेली भाकरी त्यानं कुस्करून तशीच ठेवली.

‘‘काय हुतंय तुमाला?’’ शांतम्मा म्हणाली. ‘‘गाडी मंद झाली तर झाली. माणूस कशाला जाळून घेतंय?’’

‘‘तुला न्हाय कळायचं.’’

‘‘मला चांगलं कळतंय,’’ ती म्हणाली. ‘‘त्येची गाडी बंद पडली तरी तुमची पळायची न्हाय.’’

उन्हाळ्यात सासऱ्यांच्या एकुलत्या मुलाचं, गुरुसिद्धचं लग्न ठरलं. मुलगी करमाळ्याची. वऱ्हाडासाठी एक ट्रक ठरला आणि घरच्या माणसांसाठी दोन्ही जावयांच्या गाड्या. पहाटे सगळे सोलापुरात जमले. रेवणप्पानं आदल्या दिवशी गाडी धुऊन, टायरांना काळं लावून, बॉनेटवर झेंडूची माळ बांधली होती. थोरला जावई तो. नवरदेव आपल्याच गाडीत बसणार, यात त्याला शंका नव्हती.

सासरे पुढे आले, दोन्ही गाड्यांकडे बघितलं आणि म्हणाले, ‘‘गुरुसिद्धला बसवराजच्या गाडीत बसवा. लांबचा पल्ला हाय, ती गाडी जरा पळती. मी आन् बायका रेवणप्पाच्या गाडीत येतो.’’

साधं बोलणं. त्यात अपमान नव्हता. पण रेवणप्पाला ते भर चौकात कानफटात बसल्यासारखं लागलं. शांतम्मानं त्याच्याकडे बघितलं आणि मुकाट्यानं मागे जाऊन बसली.

मोहोळ गेलं, टेंभुर्णी गेली. बसवराजची गाडी पुढे, नवरदेवाचा बाशिंग बांधलेला माथा मागच्या काचेतून दिसायचा. रेवणप्पानं दात आवळून पाय दाबून धरला होता. करमाळ्याच्या रस्त्याला एक लांबच लांब चढ लागला. गाडीनं आधी वेग सोडला, मग दम सोडला, आणि मध्यावर आल्यावर दोन हिसके देऊन बंद पडली. पुढची गाडी टेकाडाआड गेली. वऱ्हाडाचा ट्रक केव्हाच पुढे निघून गेला होता. सासरे खाली उतरले, रस्त्याच्या कडेला उभे राहून सूर्याकडे बघायला लागले. अक्षतांची वेळ जवळ येत होती.

थोड्या वेळानं टेकाडावरून काळी गाडी परत आली. बसवराजनं आरशात बघितलं होतं आणि मागे कुणी दिसेना म्हणून फिरला होता.

‘‘मामा, तुमी सावलीत बसा,’’ असं म्हणून तो सरळ रेवणप्पाजवळ आला. हसला नाही. स्टँडवरच्या त्या बोलण्याचा उल्लेखही नाही. ‘‘अण्णा, बंद पडल्यावर जरा थांबलं की पुन्यांदा चालती का?’’

रेवणप्पा कसाबसा म्हणाला, ‘‘चालती. मैलभर बरी चालती. मग पुन्ना तेच.’’

‘‘आन् चढाला काळा धूर?’’

‘‘न्हाय.’’

हे ‘न्हाय’ तोंडातून बाहेर पडलं आणि रेवणप्पाच्या डोक्यात लख्ख झालं. इतकी वर्षं डिझेलच्या वासात काढलेला माणूस तो. हवा कमी पडली, नोझल बिघडले तर गाडी काळा धूर ओकते. धूरच नाही म्हणजे इंजिनाला डिझेलच मिळत नाही. शेडमध्ये, रिकामं असताना थोडं पुरतं. चढाला, ओझ्याला जास्त लागतं तेव्हा कमी पडतं. आणि थांबलं की पुन्हा येतं, म्हणजे...

‘‘टाकीत कायतरी हाय,’’ दोघं एकदमच म्हणाले.

रेवणप्पानं टाकीकडून येणारी नळी पंपाजवळ सोडली, तोंडाला लावली आणि जोरानं फुंकली. आधी फुंकर अडली, मग मागे टाकीत बुडबुड आवाज झाला. काहीतरी सुटलं. त्यानं तोंडातलं डिझेल थुंकलं. बसवराजनं नळी जोडली, हातपंप दाबून आत शिरलेली हवा काढली. इंजिन चालू झालं.

‘‘पुन्ना जाऊन चिकटंल ते,’’ रेवणप्पा म्हणाला. ‘‘वाटंत धा डाव थांबावं लागंल.’’

बसवराजनं सासऱ्यांकडे बघितलं, बायकांकडे बघितलं. ‘‘अण्णा, तुमी माझी गाडी घ्या. नवरदेव, मामा, ह्या दोघी भैनी, सासूबाई, दाटीवाटीनं सगळे बसा. ही मी आणतो मागनं.’’

‘‘माझी गाडी हाय. मी आणतो.’’

‘‘थोरला जावाई तुमी. तुमी पुढं पायजे की.’’

असं म्हणून त्यानं किल्ली रेवणप्पाच्या हातात ठेवली.

आणि रेवणप्पा साडूच्या गाडीत बसला. पाय दाबला मात्र, गाडीनं अशी उसळी घेतली, की त्यानं स्टिअरिंग घट्ट धरलं. चढ कधी संपला कळलं नाही. किती महिने त्याच्या पायाला हे सुख मिळालं नव्हतं! सुखाबरोबरच मत्सराचा असा कडू डंख बसला, की त्याला डोळे मिटावेसे वाटले. हा रोज असा जातो. रोज. आणि मी याच्या मागे.

करमाळ्याच्या वेशीपाशी ताशेवाले उभे होते. कमळाभवानीच्या देवळाचा कळस दिसायला लागला तशी वाजंत्री सुरू झाली. नवरदेव ज्या गाडीतून उतरला तिच्या चालकाला व्याह्यांनी फेटा बांधला, नारळ दिला. सासरे सगळ्यांना सांगत होते, ‘‘हे आमचं थोरलं जावाई. वेळेवर आणलं बघा!’’ रेवणप्पा फेटा बांधून मांडवात मिरवला. अक्षता पडल्या. पंगती बसल्या. पंगती उठल्या.

उन्हं कलताना बसवराज आला. शर्ट डिझेलनं भिजलेला, ओठ काळेनिळे, केस धुळीनं पांढरे. त्याच्यासाठी ठेवलेल्या ताटातलं सगळं गारठलं होतं. सासरे सकाळपासून ताणलेले. ते सगळ्यांदेखत कडाडले.

‘‘एकुलत्या मेव्हण्याच्या अक्षता चुकवल्यास! कुटं बसला हुतास रं? घरच्या कार्यात असं करत्यात व्हय?’’

गाडी रस्त्यात बंद पडली हे सासऱ्यांनी पाहिलं होतं. पण किल्ली कुणी कुणाला दिली, मागे राहणाऱ्यानं काय पत्करलं, ते गडबडीत त्यांच्या ध्यानात राहिलं नव्हतं. त्यांना वाटलं, एकदा चालू झालेली गाडी यायला एवढा वेळ कसा लागतो?

‘‘वाटंत जरा थांबलो मामा. चुकलं,’’ बसवराज म्हणाला आणि हात धुवायला गेला.

रेवणप्पा दोन हातांवर उभा होता. एक शब्द बोलला असता तर पुरलं असतं. पण सासऱ्यांचं ते रागावणं, तेही बसवराजवर, त्याच्या कानाला इतकं गोड लागत होतं, की तो ते थांबवू शकला नाही. कित्येक वर्षांची तहान असावी तसा तो ते पीत राहिला. मग त्याची नजर मांडवाच्या खांबाशी उभ्या असलेल्या दानम्माकडे गेली. ती त्याच्याकडेच बघत होती. लिंबाखाली बघितलं होतं तशीच. पण या वेळी तिनं मान खाली घातली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाजाराच्या आवारात दोघांनी मिळून टाकी उतरवली. आतलं डिझेल पिंपात ओतलं. तळाशी चिंधी होती. काळी पडलेली, बुळबुळीत, तळहाताएवढी. कधीकाळी गाडीच्या पहिल्या मालकाच्या घरी कुणीतरी टाकीच्या तोंडात बोळा कोंबला असावा आणि तो आत पडून पहिलं वर्षभर कोपऱ्यात अडकून राहिला असावा. पाय दाबला की ती नळीच्या तोंडाला जाऊन चिकटायची, गाडी थांबली की सुटायची.

बसवराजनं ती चिमटीत धरून वर उचलली आणि खो खो हसला. ‘‘अण्णा, हिनं लई दमवलं की हो तुमाला!’’

त्या हसण्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर रेवणप्पाला बरं झालं असतं. हा माणूस रागवत नाही, उणं काढत नाही, कालचं बोलणं एकट्यानं गिळून बसलाय, आणि त्यामुळे तो आपल्यापेक्षा वरच राहणार, आयुष्यभर. हे मात्र रेवणप्पाला सोसेना. तो तसाच तेलकट हातानं उठला आणि सासरे व्याह्यांबरोबर चहा पीत बसले होते तिथे जाऊन उभा राहिला.

‘‘मामा, काल त्याला बोललात ते चुकलं. रडकी गाडी माझी हुती. त्यानं चांगली मला दिली आन् माझी वडत आणली. धा ठिकाणी थांबून, तोंडानं नळी फुंकत. फेटा त्याचा हाय.’’

बोलणं काही खालच्या आवाजात नव्हतं. भांडायला आल्यासारखं होतं. सासऱ्यांनी चहा खाली ठेवला. मग म्हणाले, ‘‘मग कालच का न्हाय सांगितलंस?’’

‘‘न्हाय सांगितलं,’’ रेवणप्पा म्हणाला. ‘‘सांगू वाटलं न्हाय.’’

एवढं बोलून तो गाडीकडे परत गेला आणि टाकी धुवायला लागला. सासऱ्यांनी बसवराजला बोलावून जवळ बसवलं, स्वतःच्या हातानं फेटा बांधला. रेवणप्पानं ते लांबून बघितलं. दुखलं त्याला. पण आदल्या दिवशीचं गोड जसं घशात अडकलं होतं, तसं हे अडकलं नाही. परतीच्या वाटेवर शांतम्मा पुढच्या सीटवर येऊन बसली. लग्न झाल्यापासून ती कधी पुढे बसली नव्हती.

त्यानंतर वळसंगच्या चढावर दोन्ही गाड्या बरोबरीनं निघायला लागल्या. कधी हा पुढे, कधी तो. बसवराज पुढे गेला, की रेवणप्पा अजूनही पुटपुटायचा, ‘‘घाई कसली एवढी? हितं काय बक्षीस ठिवलंय?’’ आणि स्वतः पुढे गेला, की आरशात बघून गालातल्या गालात हसायचा. सासुरवाडीला ताटाकडे बघायची सवय काही गेली नाही. फक्त आता तो ‘आणखी वाढा’ म्हणायला शिकला होता.

चार-पाच वर्षांनी बसवराजनं गाडी विकली, ट्रक घेतला आणि हैदराबादच्या मार्गाला लागला. बातमी ऐकून रेवणप्पानं शांतम्माला सांगितलं, ‘‘बरं झालं. रस्ता मोकळा झाला.’’ पण पुढच्या गुरुवारी चार म्हाताऱ्या भरून तो अक्कलकोटला निघाला, तेव्हा चढण चढताना त्यानं तीनतीनदा आरशात बघितलं. मागे एस.टी. होती, त्यामागे उसाची बैलगाडी. त्यानं पाय ढिला सोडला आणि गाडी सावकाश चालवू लागला.

‘‘का रं बाबा, गाडी बिघडली का?’’ मागच्या सीटवरून एकीनं विचारलं.

‘‘न्हाय आजी,’’ रेवणप्पा म्हणाला. ‘‘गाडीला काय न्हाय झालं.’’